मुलांच्या हातीं आलेलें यंत्र

गोंदिया जिल्ह्यांतील मूल बहुधा पाण्याच्या कांठीं वाढतें. वैनगंगेच्या ह्या खोऱ्यांत तलाव बांधण्याची विद्या कोहळी समाजानें शेंकडों वर्षांपूर्वीं वाढविली. पुढें मालगुजारांच्या ताब्यांत गेल्यामुळें ‘माजी मालगुजारी तलाव’ ह्या नांवानें जे आज ओळखले जातात, असे तलाव पूर्व विदर्भांत सहा हजारांहून अधिक आहेत. धानाचें पीक, मासळी, शिंगाडे, गुरांचें पाणी, हें सारें त्यांच्यावर चालतें. तलावांत मूल बुडाल्याची वार्ता अधूनमधून कानीं येतेच. परंतु तेवढ्यासाठीं तलाव बुजवून टाकावा, असें कोणी म्हणत नाहीं. मुलाला पोहावयास शिकवितात. पाणी कोठें खोल, चिखल कोठें, कोणत्या बाजूनें उतरावें, हें दाखवितात; आणि पहिले कांहीं दिवस थोरला भाऊ किंवा काका कमरेइतक्या पाण्यांत त्याच्या शेजारीं उभा राहतो.

गेल्या कांहीं वर्षांत मोबाइल आणि त्याच्या वाटे येणारें इंटरनेट ह्यांच्या रूपानें असेंच एक खोल पाणी घरोघरीं येऊन पोहोंचलें आहे. मुलें त्यांत उतरलीं. परंतु त्यांच्या शेजारीं उभें राहणारें माणूस पुष्कळ घरांत नाहीं. शाळा आणि घर ह्या दोहोंनीं मिळून ही उणीव कशी भरून काढावी, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

हें यंत्र मुलांच्या हातीं कोणीं दिलें, ह्याचा विचार प्रथम केला पाहिजे. कारण मुलांना दोष देण्याची घाई सर्वांनाच असते. २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रांत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असा कार्यक्रम हातीं घेण्यांत आला. जी वस्तु वर्गांत आणल्याबद्दल आदल्या महिन्यापर्यंत शिक्षा होत असे, तीच वस्तु आतां वर्ग झाली. ज्या घरीं एकच मोबाइल होता, तेथें तो बापानें कामावर न्यावा कीं मुलानें धड्यासाठीं ठेवावा, असा पेंच पडला. आणि पुष्कळ आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन दुसरा मोबाइल घेतला. तत्पूर्वींच बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा तो लहानसा चौकोन, ज्याला क्यूआर कोड म्हणतात, छापला जाऊं लागला होता. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर तो धरला कीं धड्याशीं निगडित चित्रें व ध्वनि उघडतात. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनीं ह्या चौकोनाचा शिक्षणांत जो उपयोग केला, तो जगाच्या नजरेस आला, आणि २०२० सालीं त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तात्पर्य, हें यंत्र मुलांनीं चोरून मिळविलेलें नाहीं. वडीलधाऱ्यांनींच तें शिक्षणाचें साधन म्हणून त्यांच्या हातीं ठेवलें. तेव्हां तें कसें वापरावें हें शिकविण्याची जबाबदारीही वडीलधाऱ्यांकडेच येते.

ही जबाबदारी किती पार पडली, ह्याचा अंदाज ‘प्रथम’ ह्या संस्थेशीं संलग्न असलेल्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालावरून येतो. ग्रामीण भारतांतील १४ ते १६ वर्षें वयाच्या मुलामुलींपैकीं शेंकडा ८२ जणांना स्मार्टफोन वापरतां येत होता. पाहणीच्या आदल्या आठवड्यांत अभ्यासाच्या कांहीं कामासाठीं त्याचा उपयोग केलेलीं मुलें शेंकडा ५७ होतीं, तर समाजमाध्यमांसाठीं उपयोग केलेलीं शेंकडा ७६. समाजमाध्यमें वापरणाऱ्या मुलांपैकीं त्रास देणाऱ्याला कसें रोखावें किंवा त्याची तक्रार कशी नोंदवावी, हें ठाऊक असलेलीं शेंकडा ६२, आणि आपलें खातें परक्यांच्या नजरेपासून कसें झांकून ठेवावें, हें ठाऊक असलेलीं शेंकडा ५५. म्हणजे ह्या पाण्यांत उतरलेल्या दर पांच मुलांमागें जवळजवळ दोघांना हाक कशी मारावी, हेंही माहीत नव्हतें.

गोंदियासारख्या जिल्ह्यांत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन १ मे १९९९ रोजीं हा आठ तालुक्यांचा जिल्हा निर्माण झाला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशांतील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. मूल घरीं पोवारी, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगडी किंवा हिंदी बोलतें. पुष्कळ शाळांतून मराठींत शिकतें. आणि मोबाइलच्या पडद्यावरील सूचना पाहावी तर ती इंग्रजींत किंवा पुस्तकी हिंदींत. अशा परिस्थितींत पडद्यावरील अक्षरांचा अर्थ लावणारी घरांतील एकमेव व्यक्ति अनेकदां शाळेंत जाणारा मुलगा किंवा मुलगी असते. धान विक्रीसाठीं करावयाची नोंदणी, आईच्या बँकखात्याचा संदेश, आजोबांचें निवृत्तिवेतन, थोरल्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, हीं सारीं कामें तेराचौदा वर्षांच्या मुलाच्या हातून होतात. रोवणीच्या दिवसांत आईबाप दिवसभर बांधींत असतात, आणि मोबाइल घरीं मुलांपाशीं राहतो. म्हणजे ज्याला अजून शिकावयाचें आहे तेंच मूल त्या घराचें कारकूनही होऊन बसलें आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं ही केवळ खेड्यांतील गोष्ट समजूं नये. नागपूर-पुण्याच्या घरांतूनही नवें ॲप घालून घ्यावयाचें असलें, किंवा मोबाइल अडला, तर आजी नातवालाच हाक मारते. मुलाला दिलेला एक धडा त्यामुळें संपूर्ण घराचें रक्षण करतो, आणि मुलाला न दिलेला धडा संपूर्ण घराला महागांत पडतो.

मग मुलांकडून मोबाइल काढूनच घ्यावा, हें सोपें नव्हे काय? हा उपाय करून पाहण्यांत आला आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांत बांशी गांवच्या ग्रामसभेनें २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यांत १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. ऑस्ट्रेलिया देशानें १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातें ठेवूं न देण्याचा कायदा २०२४ सालीं केला, व १० डिसेंबर २०२५ पासून तो अंमलांत आला. ह्या निर्णयांमागील कळकळ खरी आहे. लहान मुलांच्या बाबतींत कांहीं बंधनें आवश्यक आहेत, ह्यांतही शंका नाहीं. भारतीय संसदेनें २०२३ सालीं संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांतही, १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची खात्रीलायक संमति घेण्याचें बंधन घातलें आहे. तथापि बंदीनें मूल पाण्यापासून दूर राहतें, पोहावयास शिकत नाहीं. आणि अठरावें वर्ष उलटलें म्हणून विवेक आपोआप येत नाहीं. शिवाय जें मूल घरचीं कामें मोबाइलवर करतें, त्याच्यावर बंदी घालणार कशी?

ह्याच्या तुलनेंत सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव येथें २०२२ च्या ऑगस्टपासून जो प्रयोग सुरू झाला, तो अधिक विचार करण्याजोगा आहे. तेथें सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घरोघरीं मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवावयाची आणि मुलांनीं अभ्यासास बसावयाचें, असा गांवाचा निर्णय. ह्या प्रयोगाचें मर्म भोंग्यांत नाहीं. तें, घरांतील मोठीं माणसेंही आपलें यंत्र बाजूस ठेवतात, ह्यांत आहे. जेवतांना स्वतः पडद्याकडे पाहणाऱ्या बापानें मुलाला केलेला उपदेश वाऱ्यावर जातो, हें प्रत्येक घराला अनुभवानें ठाऊक आहे.

शिकवावयाचें तें काय? पहिला धडा गुप्ततेचा. ओटीपी म्हणजे एकदांच चालणारी किल्ली. ती बँकेला ठाऊक असते आणि खातेदाराला कळते. तिसऱ्या कोणालाही ती सांगावयाची नाहीं, मग तो आपणास बँकेचा साहेब म्हणवो कीं शिष्यवृत्तीच्या कचेरींतील कारकून. २०१६ पासून प्रचारांत आलेल्या यूपीआय पद्धतींत पिन टाकावा लागतो तो पैसे देतांना. पैसे येण्यासाठीं तो कधींही टाकावा लागत नाहीं. हें एक वाक्य पाठ असलें तर ‘तुम्हांला बक्षीस लागलें आहे, हा चौकोन कॅमेऱ्यासमोर धरा व पिन टाका’ असें म्हणणाऱ्याचा डाव पहिल्याच पायरीवर ओळखूं येतो. पुस्तकांत धडा उघडणारा चौकोन आणि पैसे लुबाडणारा चौकोन दिसावयास सारखेच असतात. तो कोणीं दिला व कशासाठीं दिला, हें विचारण्याची संवय हाच त्यांतील फरक ओळखण्याचा मार्ग. पोलिसाचा वेष करून पडद्यावर येणारा आणि वृद्धांना तासन् तास घरांतच अडकवून ठेवून पैसे मागणारा भामटा अलीकडे फार बोकाळला आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ नांवाची कोणतीही अटक कायद्यांत नाहीं, हें शाळेंत शिकलेली नात आजोबांची आयुष्यभराची पुंजी वांचवूं शकते.

दुसरा धडा ओळखीचा आणि चित्राचा. पडद्यावरील नांव, वय, मुद्रा ह्यांपैकीं कांहींही खरें असेलच असें नाहीं. चौदा वर्षांची मैत्रीण म्हणून बोलणारी व्यक्ति चाळीस वर्षांचा पुरुष असूं शकते. एकदां पाठविलेलें चित्र परत घेतां येत नाहीं. पाठविणाऱ्यानें तें पुसलें तरी घेणाऱ्यापाशीं त्याची प्रत उरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें तर आतां एकाचा चेहरा दुसऱ्याच्या देहावर बसवितां येतो, आवाजही हुबेहूब काढतां येतो. ह्या सर्व भानगडींत मुलाला एकच खूण पक्की सांगून ठेवावी. जो कोणी ‘हें घरीं सांगूं नकोस’ असें म्हणेल, त्याचीच गोष्ट घरीं प्रथम सांगावयाची.

तिसरा धडा स्वतःच्या वर्तनाचा. सुरक्षितता ही अर्धी बाजू झाली. दुसरी बाजू जबाबदारीची. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावानें ठार मारलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, ही व्हॉट्सॲपवरून पसरलेली अफवा हें त्याचें कारण होतें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचाहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये, असें बंधन घातलें. यंत्रानें घातलेलें बंधन एवढेंच करूं शकतें. तो संदेश पुढें पाठविणाऱ्या प्रत्येकानें क्षणभर थांबून ‘हें कोणीं पाहिलें, कोठें घडलें, केव्हां घडलें’ असें विचारलें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न नववीच्या वर्गांत अवश्य चर्चेस घ्यावा. वर्गमैत्रिणीचें विटंबना करणारें चित्र ‘गंमत’ म्हणून पुढें ढकलणाऱ्या मुलालाही हें समजलें पाहिजे कीं, तो केवळ प्रेक्षक राहिलेला नाहीं. बालकांचीं अश्लील चित्रें पसरविणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमान्वयें गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या धाकाहूनही, त्या मुलीला दुसऱ्या दिवशीं वर्गांत पाऊल टाकतांना काय वाटेल, ही कल्पना मुलाच्या मनांत उभी करणें अधिक परिणामकारक.

हे तीनही धडे नीट शिकविले तरी मुलांकडून चुका होणारच. त्या मोठ्यांकडूनही होतात. म्हणून शिक्षणाची खरी कसोटी चूक झाल्यानंतर लागते. ओटीपी सांगून बसलेलें मूल, किंवा चित्र पाठवून धमकीच्या फेऱ्यांत सांपडलेली मुलगी, त्या क्षणीं काय करते? घरीं सांगितलें तर मार बसेल, मोबाइल जाईल, हें मुलाला दिसतें. मुलीला त्याहून अधिक दिसतें. तिचें शिक्षण बंद होईल, लग्नाची बोलणी सुरू होतील, आणि दोष तिच्याच पदरीं पडेल. म्हणून ती गप्प बसते. धमकी देणाऱ्याचें सारें बळ ह्या मौनावर उभें असतें. त्यानें मागितलेलें एक चित्र देऊन सुटका होत नाहीं. तो दुसरें मागतो, मग पैसे मागतो. सालेकसा किंवा देवरीकडील जी मुलगी तिच्या घराण्यांत प्रथमच दहावीपर्यंत पोहोंचली, तिच्या बाबतींत ह्या एका भीतीपायीं दोन पिढ्यांची कमाई वायां जाऊं शकते.

ह्याच ठिकाणीं वेळेला किंमत आहे. पैसे गेल्याचें ध्यानांत येतांच १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर कळविलें तर, ते एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत पळविले जाण्यापूर्वीं अडवितां येण्याचा संभव असतो. दोन दिवस भीतीनें दडवून ठेवल्यास तो संभव फार कमी होतो. संकटांत सांपडलेल्या मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. धमकीचे संदेश रागानें किंवा लाजेनें पुसून टाकूं नयेत. तोच पुरावा असतो. पैसे देऊं नयेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या उघड्या देहाचीं चित्रें इंटरनेटवर पसरूं नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नांवाची विनामूल्य सेवा २०२३ पासून उपलब्ध आहे. तेथें चित्र कोणाला पाठवावें लागत नाहीं. त्याचा अंकरूप ठसा तेवढा तयार होतो, व त्यावरून योजनेंत सामील झालेल्या कंपन्या तें चित्र ओळखून काढून टाकूं शकतात. परंतु हे सर्व मार्ग मुलाच्या तोंडून पहिलें वाक्य बाहेर पडल्याशिवाय उघडत नाहींत.

शाळेनें ह्यासाठीं काय करावें? वर्षांतून एकदां पाहुणा बोलावून व्याख्यान करविणें, आणि भिंतीवर फलक लावणें, ह्यानें कागद भरतो, मूल शिकत नाहीं. आठवड्यांतून अर्धा तास, एखादा प्रत्यक्ष संदेश फळ्यावर लिहून ‘ह्यांत संशयास्पद काय आहे’ हें मुलांकडूनच काढून घ्यावें. कृत्रिम बुद्धिमत्तेनें दिलेलें उत्तर आणि पाठ्यपुस्तकांतील माहिती समोरासमोर ठेवून, यंत्र किती आत्मविश्वासानें चुकूं शकतें, हें मुलांना स्वतः शोधूं द्यावें. समजावण्याची भाषा मुलाच्या घरची असावी. ‘सायबर सुरक्षा’ हा शब्द पाठ झाला आणि अर्थ कळला नाहीं, तर त्याचा उपयोग काय? झाडीपट्टी नाटकासाठीं प्रसिद्ध आहे. दिवाळीनंतर गांवोगांवीं रात्ररात्र नाटकें रंगतात आणि बायाबापड्यांसह सारा गांव पाहावयास बसतो. शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांनीं लबाड फोनवाल्याचा एखादा प्रवेश आपल्या बोलींत करून दाखविला, तर जें परिपत्रकानें साधत नाहीं तें अर्ध्या तासांत साधेल. आणि प्रेक्षकांत बसलेले आजोबाही शहाणे होतील.

शिक्षकांनीं स्वतःच्या वर्तनाकडेही पाहावें. मुलांचीं छायाचित्रें, नांवें, गुण ह्यांची वर्गाच्या समूहांत बेफिकीरपणें पखरण करून मुलांना गुप्ततेचा धडा देतां येत नाहीं. प्रत्येक शाळेनें विश्वासाची निदान एक शिक्षिका नेमावी, जिच्याकडे मुलगी मधल्या सुटींत जाऊन बोलूं शकेल. आईबापांपासून दूर राहणाऱ्या आश्रमशाळेंतील मुलांना तर हीच व्यवस्था घराच्या ठिकाणीं आहे. पालकसभेंत गुणपत्रिकेबरोबर हाही विषय निघावा, आणि पालकांना स्पष्ट सांगण्यांत यावें कीं, चूक सांगणाऱ्या मुलाला शिक्षा केली तर पुढची चूक तें सांगणार नाहीं.

ह्याचा अर्थ चुकीला मोकळीक द्यावी, असा नव्हे. मोबाइल किती वेळ वापरावा, रात्रीं तो कोठें ठेवावा, कोणत्या वयाला काय चालेल, हे नियम घरीं असावेत, आणि ते शक्यतों मुलांशीं बोलून ठरवावेत. नियम मोडल्यास त्याची समजही द्यावी. मात्र संकट आणि शिस्त ह्यांची गल्लत होऊं नये. मूल संकटांत असतांना आधीं त्याला बाहेर काढावयाचें. शिस्तीचा विचार मागाहून, सावकाश करतां येतो.

एखाद्या संध्याकाळीं, कांहींही घडलेलें नसतांना, मुलाला जवळ बसवून एवढें सांगून ठेवावें: ‘मोबाइलवर तुझ्याकडून कांहीं चुकलें, कोणी तुला भीति दाखविली, तर रात्र असो कीं पहांट, मला उठव. मी आधीं रागावणार नाहीं.’ आणि ती वेळ आलीच, तर दिलेला शब्द पाळावा.